वाघ मेला की सरकारचा, जिवंत आहे तोवर कोणाचा?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यात एक कलम ३९ आहे. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा, की मारलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. कातडं, नखं, दात, शिंगं, मांस, सगळं सरकारचं. रीतसर परवाना काढून वावरातलं रानडुक्कर मारलं तरी ते मारणाऱ्याचं होत नाही, त्याची विल्हेवाट वनखात्याच्या पद्धतीनं लागते आणि शेतकरी रिकाम्या हातानं घरी येतो. मेल्यावरची मालकी अशी पक्की लिहून ठेवलीय. पण तेच डुक्कर जिवंत असताना वीस-पंचवीसच्या कळपानं येऊन एका रात्रीत उभा धान लोळवून जातं तेव्हा ते कोणाचं असतं? तेव्हा ते निसर्गाचं असतं, राष्ट्राचा ठेवा असतं, जैवविविधता वगैरे असतं. नफ्याला मालक हजर न् खोटीला कोणीच नाही.

मी काही वाघ विकायला काढा म्हणत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर अर्धे लोक इथंच वाचणं सोडतील. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गावाच्या जंगलात वाघीण राहते, पिल्लं घालते, त्या गावाला त्याचे पैसे दरवर्षी मिळाले पाहिजेत, हक्क म्हणून मिळाले पाहिजेत, आणि ते मिळायला कोणाला मरावं लागू नये. आणि दुसरं, ते जंगल सांभाळायचा, त्यातलं काय विकायचं काय नाही हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेकडे पाहिजे. ह्या दोन गोष्टी जोडीनंच चालतात, एकटी कुठलीच टिकत नाही, कसं ते पुढे सांगतो.

आधी आत्ता काय चाललंय ते बघा. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०२२ ला ४४४. हे मोठं यश आहे, कोणी काही म्हणो, वनरक्षकांनी पावसापाण्यात पायी गस्त घालून मिळवलेलं यश आहे. पण हे वाघ बहुतेक सगळे आपल्या विदर्भात आहेत आणि त्यातले कितीतरी ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव भागात, नाहीत, ते ब्रह्मपुरी वनविभागात आहेत, नागभीड, सिंदेवाही, सावली, म्हणजे जिथं जंगल आणि धानाच्या बांध्या एकमेकांत घुसलेल्या आहेत, जिथं ना सफारीचं गेट आहे ना जिप्सी. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर जे होतं ते नेहमीचंच, गावकरी बॉडी उचलू देत नाहीत, रेंजर येतो, आमदार येतात, "तुमचा वाघ घेऊन जा" म्हणून लोक ओरडतात. ह्या "तुमचा वाघ"वर शहरातले लोक नाराज होतात. अरे पण त्यांच्या बाजूनं बघा ना, तो खरंच त्यांचा नाहीये. त्याच्या असण्यातून त्यांना काय मिळालं आजवर?

मिळतं ते मेल्यावर. माणूस गेला तर आता २५ लाख मिळतात, काही लगेच, बाकीचे मुदत ठेवीत. रक्कम वाढली हे चांगलंच झालं, वाढली नसती तर आणखी वाईट होतं. पण थोडा हिशोब लावा. एखाद्या गावच्या जंगलात वाघिणीनं तीन पिल्लं वाढवली, दोन वर्षं, कोणाला ओरखडा नाही, गावानं संध्याकाळनंतर रानात जाणं बंद केलं, गुरं लवकर आणली, पहाटेचं मोहफूल वेचणं उशिरा केलं, म्हणजे सगळं शहाण्यासारखं केलं, तर त्या गावाला मिळाले शून्य रुपये. आणि शेजारच्या गावात माणूस मेला तर २५ लाख. म्हणजे सरकार पैसे देतंय ते गोष्ट बिघडल्यावर. नीट चालली तर त्याचा कुठं हिशोबच नाही. असल्या हिशोबात गावाला वाघ परवडतो कसा हेच नवल आहे, आणि परवडत नाही तेव्हा काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी उघड बोलत नाही. डुकरासाठी म्हणून लाइनवरून आकडा टाकून धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, तार लावतात, आणि सकाळी तारेला डुक्कर नसतं, वाघ असतो. मग रातोरात पुरणं, मग डॉग स्क्वॉड, मग अटक. तार लावणारा काही तस्कर नसतो हो, बहुतेक वेळा जागली करून थकलेला तीन एकरवाला असतो.

झटका मशीनला (कुंपणाला हलका विजेचा झटका देणारं यंत्र) अनुदान आहे, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपण मिळतं, ७५ टक्के किंवा १५ हजार, जे कमी ते. चांगली योजना आहे, पण ज्याच्या वावराला कुंपण झालं त्याचे रोही (नीलगाई) आणि डुकरं शेजाऱ्याच्या वावरात जातात, आणि शेजारी तोच असतो ज्याच्याकडे उरलेले पैसे भरायला नव्हते. पीक नुकसानीचा पंचनामा हा तर वेगळाच विषय. वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक, तिघं एका दिवशी एका वावरात येणं हाच एक योग असतो. तोवर रोही दुसऱ्यांदा चरून जातात.

माणूस वाईट असतो म्हणून असं होत नाही, नियम जसे लिहिलेत तसा माणूस वागतो, हे कुठंही बघा. सागाचंच घ्या. शेतात, धुऱ्यावर सागाचं रोप आपोआप उगवतं आपल्याकडे, जमीनच तशी आहे. पण १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, साग त्याच्या यादीत, म्हणजे स्वतःच्या वावरातला साग तोडायला परवानगी, मोजणी, वाहतूक पास, सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का नाही, मग मध्ये एक ठेकेदार जो म्हणतो की हे सगळं मी बघतो, तू फक्त सही कर, आणि शेवटी झाडाच्या किमतीचा जो काही तुकडा हातात येतो तो घ्या. आता शेतकरी काय करतो? हातभर झालं की उपटतो. कायदा झाडं वाचवायला केला होता, आणि त्या कायद्याच्या भीतीनं किती साग हातभर असतानाच गेले त्याची मोजणी कोण करणार. आणि वावर पडीक ठेवून त्यात रान वाढू दिलं तर आणखीच भीती, उद्या कोणी म्हणालं की हे आता जंगल आहे तर? सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या गोदावर्मन आदेशानंतर मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं जंगल असेल तर ते जंगल. कोर्टाचा हेतू शंभर टक्के बरोबर होता, जंगलं कापली जात होती. पण गावात त्याचा अर्थ हाच पोचला की रान वाढवणं धोक्याचं.

ह्यावर काही लोकांचं उत्तर तयार असतं, की मग खाजगी करा सगळं, ज्याची मालकी तो सांभाळेल. आणि दुसऱ्या बाजूच्यांचं उत्तर, की सरकारनंच ठेवावं, लोकांच्या हाती दिलं की संपलं. आपल्या भागात हे दोन्ही प्रयोग एकाच ठिकाणी करून झालेत आणि त्याचा निकाल प्रत्येक गावाच्या वेशीवर पडलेला आहे. मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांचे, तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून काही हजार आहेत. गोंड राजांच्या काळापासून बांधत आले, बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक, पाण्याची नजर अशी की आजचा इंजिनियर लेव्हल मशीन लावून जी जागा काढेल तीच त्यांनी डोळ्यानं काढली. मालगुजाराचा तलाव होता, त्याच्या धानाला पाणी लागायचं, म्हणून तो पाळ बांधून घ्यायचा, गाळ काढायचा, तूम (पाणी सोडायचं दार) दुरुस्त ठेवायचा. अर्थात मालगुजार काही संत नव्हता. ते काम वेठीनं करून घेतलं जायचं, आणि ज्यांच्या पाठीवर गाळ निघाला त्यांच्या वावराला पाणी शेवटी मिळायचं, मिळालं तर. म्हणून जुन्या काळाच्या आठवणीनं हळवं व्हायचं काही कारण नाही.

मग १९५० चा मध्य प्रदेशाचा (विदर्भ तेव्हा त्यातच होता) मालगुजारी संपवणारा कायदा आला, पुढच्या वर्षी मालगुजारांची जंगलं, पडीत जमिनी, तलाव सगळं सरकारजमा झालं. मालगुजारी गेली ते बरंच झालं. पण तलाव गेला कोणाकडे? आधी महसूल खात्याकडे, मग छोटे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारेकडे. ज्या गावाला पाणी पाहिजे होतं त्याच्याकडे तो आलाच नाही. गाळ काढायला बजेट नाही, गावानं स्वतः काढायचं म्हटलं तर परवानगी कोणाची, काढलेला गाळ कोणाचा, पाण्याचा कर कोणी द्यायचा, आणि मासळी तिसऱ्याच्याच हातात. आता बघा जाऊन कुठल्याही तलावावर, अर्ध्यात बेशरमाची झुडपं माजलेली, पोटात अतिक्रमण करून धान लावलेलं, पाळीला मुंगसाची भोकं. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, काही संस्थांनी मात्र हाताशी धरून पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले, तिथं तलाव पुन्हा जिवंत झालेत, आणि ते झालं कारण मासळीचा पैसा त्यांना मिळणार हे त्यांना माहीत होतं. एका मालकाकडे होता तेव्हा टिकला पण पिळवणुकीवर टिकला, सरकारकडे गेला तेव्हा बेवारस झाला. तिसरा रस्ता, म्हणजे वापरणाऱ्यांच्या मंडळाची मालकी, तो फार कमी ठिकाणी नीट करून बघितला गेला. २००९ ला एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण ह्याच मुद्द्यावर, की सामायिक गोष्ट म्हणजे उजाड होणारच हे काही खरं नाही, लोक नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या चालवतात, फक्त नियम त्यांचे पाहिजेत आणि फायदाही. आपल्याला त्यासाठी स्टॉकहोमला जायची गरज नव्हती, गडचिरोलीतल्या धानोऱ्याला गेलं तरी चाललं असतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखाली मेंढ्याला २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला, १८०० हेक्टरच्या वर. कागद हातात आला, फोटो निघाले. पण बांबू विकायला गेले तर वनखातं म्हणे वाहतूक पास मिळणार नाही, कारण १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा बांबू हे झाड होतं, गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) नव्हतं. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला असताना. दोन वर्षं हे चाललं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, तेव्हा कुठं बांबूचा बाजार गावाला उघडला. एका पासबुकासाठी केंद्रीय मंत्री लागतो ह्यावरून समजा की मालकी आणि विकायचा अधिकार ह्यात किती अंतर असतं. मी वर जे म्हटलं की दोन्ही जोडीनं लागतं, ते हेच. २००९ ते २०११ मेंढ्याकडे हक्क होता आणि पैसा शून्य होता. पुढं २०१२ ला नियम बदलले आणि पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला, बाकी गावांना ते सोपं गेलं.

त्याच २०१२ ला गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला हक्क मिळाला, हजारेक हेक्टरचा. पाचगावचं मला जास्त आवडतं कारण त्यांनी एक गोष्ट अशी केली जी बाजारवाल्यांच्या पुस्तकात बसत नाही. बांबू विकून पैसा यायला लागल्यावर त्यांनी तेंदूपान तोडणं बंद केलं. तेंदूत रोख पैसा असतो, मे महिन्यात घरात दुसरा कुठलाच पैसा नसतो, तरी बंद केलं, कारण चांगली पालवी फुटावी म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात, जंगलाला आग लावतात, आणि त्यात बांबूही जळतो. आणि जंगलाचा एक तुकडा त्यांनी असा ठेवलाय की तिथं काहीच तोडायचं नाही. कोणी सक्ती केली नव्हती. जंगल आपलं आहे, पुढच्या वर्षीही आपलंच राहणार आहे, हे एकदा पक्कं झालं की माणूस यंदाचा पैसा सोडायला तयार होतो, आणि ज्याला उद्याची खात्री नाही तो आजच ओरबाडतो, मग तो गरीब असो की कंपनी. अचलपूर तालुक्यात पायविहीरनं उजाड टेकडी अशीच सांभाळली, तिथलं सीताफळ बाहेरच्या बाजारात जायला लागलं.

आता बाजाराचं कौतुक करताना थोडं थांबायला पाहिजे, कारण बाजार काही आपला मामा नाही. गडचिरोलीत ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला घेतला, आधी वनखात्याच्या फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर) जे मिळायचं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त भाव काही वर्षी मिळाला. मग २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा विडीवर २८ टक्के, पानावर १८. ठेकेदारांना भाव पाडायला कारणच मिळालं. ग्रामसभेला बाजारात उभं करायचं आणि तिला करारनामा वाचायला वकील नाही, अनामत किती घ्यायची हे सांगायला कोणी नाही, एका वेळी पाच-दहा ठेकेदार आणि ते पण एकमेकांचे सोयरे, तर तिला लुटायला फार अक्कल लागत नाही. शेजारच्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केल्या तिथं थोडा जोर आला. म्हणजे हक्क द्या आणि सोडून द्या, असं चालत नाही.

आणि जिथं बाजार आहे पण गावाचा हक्क नाही तिथं काय होतं ते ताडोबाच्या गेटवर बघा. मोहर्ली, कोलारा, तिथल्या पोरांना गाइडचं काम मिळालं, जिप्स्या मिळाल्या, हे खरं आहे आणि त्यानं फरक पडलाय, गेटवरच्या गावात वाघाबद्दलची भाषाच वेगळी आहे, तिथं वाघिणीला नाव असतं. पण गेट सोडून चार गावं पलीकडे जा, वाघ तेच, नावं नाहीत, आणि शिव्या भरपूर. पैशाचा मोठा वाटा रिसॉर्टकडे जातो, आणि रिसॉर्ट ज्या जमिनीवर आहे ती एकेकाळी गावातल्याच कोणाची होती. धानाची जमीन म्हणून तिला जो भाव होता त्याच्या चारपट मिळाला म्हणून बिचाऱ्यानं विकली, ट्रॅक्टर घेतला, मुलीचं लग्न केलं, आणि आता त्याच आवारात त्याचा पोरगा टॉवेल घड्या करतो. विकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण त्याला विकण्याशिवाय दुसरा पर्याय कायद्यानं ठेवलाच नव्हता.

केनियात मसाई मारा अभयारण्याच्या कडेला गेली वीसेक वर्षं दुसरा पर्याय चालू आहे. तिथल्या मसाई जमीनमालकांनी जमिनी विकल्या नाहीत, एकमेकांच्या जोडून टुरिस्ट कंपन्यांना भाड्यानं दिल्या, कॉन्झर्व्हन्सी म्हणतात त्याला, दरमहा ठरलेलं भाडं, पर्यटक येवो न येवो. आपल्याकडे कोअरला लागून दहा शेतकऱ्यांनी आपापली वावरं जोडून रान वाढू दिलं आणि कोणाला भाड्यानं दिलं तर? पहिली भीती कूळ कायद्याची, विदर्भाचा तर वेगळाच आहे, १९५८ चा, दिलेली जमीन परत मिळेल का ह्या भीतीनं कोणी कागद करतच नाही, सगळं तोंडी. दुसरं, पीक नाही तर पीककर्ज नाही, विमा नाही. तिसरं ते मघाचं, रान वाढलं तर जंगल ठरेल. तीन अडथळे, आणि तिन्ही काढायला पैसा नाही लागत, एक कायदादुरुस्ती आणि एक जीआर लागतो. "अमुक वर्षांच्या करारावर वन्यजीवांसाठी ठेवलेली शेतजमीन ही शेतीच समजावी, तिच्यावर कुळाचा किंवा वनाचा दावा लागणार नाही", एवढं लिहा.

इथं लोक शिकारीचा मुद्दा काढतात, कारण आफ्रिका म्हटलं की तेच डोळ्यापुढे येतं. नामिबियानं १९९६ ला कायदा करून गावसमूहांना वन्यप्राण्यांवर हक्क दिले, आधी ते फक्त गोऱ्या शेतमालकांना होते, आणि तिथं पर्यटनाबरोबर परदेशी शिकाऱ्यांचा पैसाही गावाला जातो, आज देशाच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर असे समूह आहेत. केनियानं उलट १९७७ ला शिकार पूर्ण बंद केली, आणि पुढच्या ४० वर्षांत तिथले वन्यप्राणी ६८ टक्क्यांनी कमी झाले असं मोजणीत निघालं. त्यात दुष्काळ आहे, कुंपणं आहेत, वाढलेली माणसं आणि गुरं आहेत, सगळं बंदीच्या डोक्यावर फोडणं चूक होईल. पण बंदी घातली की प्राणी वाचतात असं आपोआप होत नाही हे तरी कळतं. आपल्याकडे वाघाची शिकार हा विषयच नाही, नसावाही, लोकांना ते कधीच मान्य होणार नाही आणि ज्या वाघाला बघायला वर्षानुवर्षं लोक पैसे देतात त्याला एकदाच विकणं हा धंदा म्हणूनही मूर्खपणाच. डुकराचं मात्र वेगळं आहे. परवान्यानं मारलेलं डुक्कर ज्याचं पीक गेलं त्याला का मिळू नये हे मला कोणी समजावून सांगावं. पुरून टाकण्यात कुठलं संवर्धन होतं?

मला आफ्रिकेपेक्षा स्वीडनचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं वाटतं. तिथं उत्तरेला सामी लोक रेनडिअर पाळतात आणि वुल्व्हरिन नावाचा एक तगडा मांसाहारी प्राणी ते खातो. आधी किती रेनडिअर मेले ते मोजून भरपाई द्यायचे, त्यावर भांडणं, खोटे दावे, आणि गुपचूप वुल्व्हरिन मारणं. १९९६ पासून त्यांनी हिशोब उलटा केला. मेलेलं जनावर मोजायचंच नाही, सामी गावाच्या हद्दीत वुल्व्हरिननं किती ठिकाणी पिल्लं घातली ते मोजायचं आणि तितके पैसे गावाला द्यायचे. गुरं सांभाळून नुकसान कमी केलं तरी पैसे तेवढेच, म्हणजे सांभाळणाऱ्याचा फायदा. वुल्व्हरिन वाढले. घरात भाडेकरू ठेवला तर भाडं घरमालकाला मिळतं, त्यानं भिंत पाडेपर्यंत कोणी थांबत नाही, तसंच आहे हे.

हे ब्रह्मपुरीत करता येतं, आणि उद्या करता येतं. कॅमेरे लावलेले आहेतच, कुठली वाघीण कुठं आहे, बरोबर किती पिल्लं आहेत, हे वनखात्याला माहीत असतं, पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, त्यात गडबड करता येत नाही. एका माणसाच्या मरणाला २५ लाख देता ना, मग पिल्लांसह नोंद झालेल्या एका वाघिणीमागं वर्षाला तेवढेच द्या, ती ज्या गावांच्या जंगलात फिरते त्या ग्रामसभांना वाटून. मरणाची मदत वेगळी, ती बंद करायची नाही. पैसा कुठून? ताडोबाच्या गेटवरचा पैसा वन्यजीव कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडेच राहतो, आणि रिसॉर्टच्या खोलीवर एक ठरलेला अधिभार लावा, एका रात्रीला एवढे हजार देणारा माणूस आणखी थोडे देईल, तो वाघ बघायलाच आलाय. आणि ताडोबाचे वाघ आणि ब्रह्मपुरीचे वाघ वेगळे नाहीत, जागा कमी पडली की कोअरमधलं पोरगं बाहेरच निघतं. सरकार तर वाघ उचलून इकडून तिकडे नेतंच, २०२३ ला ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. ज्या जंगलात त्या वाढल्या त्या गावांना काय मिळालं, हे विचारायला कोणाच्या मनातही आलं नाही.

एक आक्षेप मी आमच्याकडच्याच म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलाय आणि तो शहरातल्या आक्षेपांपेक्षा मला जड वाटतो. "वाघोबाचे पैसे घ्याचे का बाबू? तो देव हाय." आमच्या रानात वाघोबाचं ठाणं असतं, शेंदूर लावलेला दगड, पेरणीच्या आधी तिथं कोंबडं पडतं. पैसा आला की ही भावना जाईल, आणि मग ज्या वर्षी पैसा बंद होईल त्या वर्षी वाघाला काहीच आधार उरणार नाही, असा तो मुद्दा आहे. हे अगदीच खोटं नाही. पण ती भावना वाघ कमी असतानाच्या काळातली आहे, आणि तेव्हाही जंगल गावाचं होतं, निस्ताराचे हक्क होते, जळण, गवत, मोह, बल्ली, सगळं हक्कानं मिळायचं. ते सगळं काढून घेतलं आणि देव तेवढा ठेवला. आता त्या देवावर एकट्यावर सगळा भार टाकणं हे त्या म्हाताऱ्यांवरही अन्याय आहे. पैसा माणसामाणसाला न वाटता ग्रामसभेकडे द्यावा असं मी म्हणतो त्याचं एक कारण हेही आहे, सामूहिक पैशातून गवताचं कुरण सांभाळलं, संडास बांधले, रात्रीचे दिवे लावले, तर तो पैसा वाघाच्या डोक्यावरचं बक्षीस वाटत नाही.

सरपंच खाऊन टाकील, हा दुसरा आक्षेप. खाईल काही ठिकाणी. म्हणून ग्रामपंचायतीच्या खात्यात न टाकता टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या, ग्रामसभेच्या खात्यात टाका, मेंढ्यात हिशोब सगळ्यांसमोर वाचतात तसा वाचायला लावा. आणि आज जिल्ह्याला बसून जे खातात त्यांच्याबद्दल तर आपण बोलतच नाही.

राहिला जमिनीचा प्रश्न, कारण वाघाला राहायला जागा पाहिजे आणि जागेचा तंटा विदर्भात जुना आहे. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगलाचा, म्हणजे खुरट्या झुडपांच्या पडीत जमिनीचा, निकाल दिला, पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली ८६ हजारांवर हेक्टर जमीन, ती वनजमीन आहे असं ठरलं, १२ डिसेंबर १९९६ च्या आधीची घरंदारं, शाळा, ऑफिसं तेवढी एकदाच नियमित करून घ्यायची मुभा. बरं झालं, नाहीतर ते तुकडे हळूहळू प्लॉट झाले असते. पण ह्या झुडपीवरच गावाची गुरं चरतात, तिथूनच तरवडाच्या काड्या येतात, आणि दोन मोठ्या जंगलांच्या मधून वाघ जातो तो ह्याच झुडपातून. आता ती वनखात्याकडे गेली तर मामा तलावाचं झालं तेच होणार, बोर्ड लागेल, खंदक खणला जाईल, चार वर्षांनी खंदक बुजेल. पश्चिमेकडे अकोला-यवतमाळात ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीचं ह्याहून वेगळं नाही, तिथं आता सोलर प्लांटवाले फिरतायत. वनजमीन ठरली म्हणजे वनहक्क कायदाही तिथं लागू होतो, हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आलंय. ज्या गावांची ती परंपरेनं चराई आहे त्यांना तिथं सामूहिक हक्काचा दावा टाकता येतो. तो दावा टाकायला ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समिती, निस्तारपत्रकाची (गावाच्या निस्तार हक्कांची जुनी नोंद) नक्कल आणि दोन म्हाताऱ्यांचे जबाब लागतात. निस्तारपत्रक तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं, अर्ज करावा लागतो, बाबू दोनतीनदा परत पाठवतो. पेरण्या उरकल्या की श्रावणात गावात माणसं सापडतात, ठराव तेव्हा घ्यावा, तेंदूच्या हंगामात कोरम होत नाही.